पाळकाच्या घरी सहा दिवस : पुणे, ईस्टरचा आठवडा

नगरहून पुण्याला जाणं म्हणजे काही मोठा प्रवास नाही, तीन साडेतीन तासांची एसटी, त्यातला पाऊण तास वाघोलीतच जातो. पण यंदा पहिल्यांदा ताईकडे सलग सहा दिवस राहिले, तेही गुड फ्रायडे-ईस्टरच्या आठवड्यात. ताईचे मिस्टर म्हणजे आमचे दाजी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू आहेत. पाळकाच्या घरी या आठवड्यात पाहुणे म्हणून कोणी जात नाही, लग्नघरात ऐन हळदीला जाऊन गप्पा मारत बसण्यासारखं आहे ते. ताईनेच बोलावलं, म्हणाली, "ये, निदान माझ्याशी बोलायला कोणीतरी घरात असेल." चर्चचं नाव लिहीत नाहीये, दाजींना आवडणार नाही. नाना पेठेच्या बाजूला, क्वार्टर गेटपासून चालत जाता येईल असं जुनं कंपाउंड आहे एवढं पुरे.

बुधवार, 1 एप्रिल

दुपारी दोनला पोचले. बरोबर माझं पोरगं, भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि आईने दिलेलं लोणचं. कंपाउंडच्या गेटवर रिक्षावाला म्हणाला, "फादरकडे का?" पुण्यात रिक्षावाले, पोस्टमन, दूधवाले सगळे दाजींना फादरच म्हणतात. फादर लोक कॅथलिक, त्यांचं लग्न होत नाही, आपले पाळक संसारी, हे कोणाकोणाला सांगत बसणार. ताईच्या धाकट्याला शाळेत एकाने विचारलं होतं की फादरला मुलगा कसा काय? त्याने म्हणे उत्तर दिलं, "आईला विचार."

घर चर्चचं. तीन मोठ्या खोल्या, उंच छत, एक पंखा हळू आणि एक फारच जोरात. दाजींची बदली दर काही वर्षांनी होते त्यामुळे ताईने भिंतीला एकही खिळा मारलेला नाही, फोटो सगळे कपाटावर टेकवून ठेवलेत. थोरलीची ही तिसरी शाळा. ताई नर्स आहे, आणि खरं सांगायचं तर घर तिच्या पगारावर चालतं, हे दाजी स्वतःच सगळ्यांना सांगतात, लाजत नाहीत.

चार वाजता दाजी म्हणाले, "चल येतेस का घरभेटींना, पुणं दाखवतो." पुणं म्हणजे स्कूटरवरून चार घरं आणि ससून हॉस्पिटलचा एक वॉर्ड.

पहिलं घर एका रिटायर्ड आजोबांचं, एकटेच असतात. दाजी गेल्या गेल्या त्यांनी टीव्हीचा रिमोट हातात दिला, चॅनल लागत नव्हतं. वीस मिनिटं दाजी त्या सेट टॉप बॉक्सशी झगडत होते. चॅनल लागलं, मग चाळीस सेकंद प्रार्थना. मला वाटलं आजोबांना वाईट वाटेल एवढी छोटी प्रार्थना, तर ते खूश होऊन म्हणाले पुढच्या वेळी गीझर बघा. दुसऱ्या घरी एक लग्न ठरलंय, मुलीच्या आईचं म्हणणं ईस्टर झाल्या झाल्या पुढच्याच शनिवारी बार उडवून द्यायचा, आणि दाजी शांतपणे सांगत होते की लग्नाची सूचना तीन रविवार चर्चमध्ये वाचायला लागतील, उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत आपण लग्नं लावत नाही म्हणून ती आधी वाचली नाही, आणि मुलाशी-मुलीशी मला आधी तीन वेळा बसून बोलायचंय. आई म्हणाली, "पाळकसाहेब, तीन वेळा कशाला, दोघं रोज तीन तास फोनवर बोलतात." दाजी म्हणाले, "म्हणूनच."

तिसऱ्या घरी एकाला त्याच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, 1968 चा, कसल्यातरी कागदपत्रांत जन्मतारीख जुळत नव्हती. जुनी रजिस्टरं चर्चच्या कपाटात आहेत, वाळवी लागू नये म्हणून ताईने त्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवलाय. चौथ्या घरी नुसताच चहा. ससूनमध्ये एका पेशंटच्या उशाशी दाजी पंधरा मिनिटं काही न बोलता उभे होते, नंतर त्या बाईच्या नवऱ्याला खाली नेऊन वडापाव खायला घातला. मी मोजले, त्या दिवशी दाजींचे चहा झाले नऊ. एका घरी मी नको म्हणाले तर बाहेर आल्यावर म्हणाले, "अर्धा घे, पण नको म्हणू नकोस. चहा घेतला की माणूस बोलायला लागतो, माझं निम्मं काम त्या कपात असतं."

टीप : पाळकाच्या घरी राहायला गेलात तर बेल वाजली की दार उघडायला धावू नका. कोण आलंय, रडत आलंय का भांडत आलंय, ते ताईसारख्या बाईला पावलांवरून कळतं, आपल्याला नाही.

गुरुवार, 2 एप्रिल

पहाटे साडेपाचला लाउडस्पीकरने जाग आली. मला वाटलं चर्चमध्ये काहीतरी, तर मागच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात हनुमान जयंती. थोड्या वेळाने शेजारच्या काकू सुंठवडा घेऊन आल्या, दाजींच्या हातावर ठेवला, "फादर, उद्या तुमचं पण आहे ना?" दाजींनी खाल्ला, धाकट्याने तर दोनदा घेतला. मी म्हणलं काय योगायोग, तर दाजी म्हणाले योगायोग कसला, हनुमान जयंती चैत्र पौर्णिमेची आणि ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, चंद्र एकच आहे, म्हणून बहुतेक वर्षी मारुतीराया आणि आपण शेजारी शेजारीच. माझं एवढं वय झालं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी ताई ड्युटीला गेली, मी पोरांना घेऊन गुरुवार पेठेत पंचहौदचं चर्च बघून आले. आत गारवा मस्त, आणि बाहेर तो उंच घंटाघराचा मनोरा, आठ घंटा आहेत त्यात. इथल्याच मिशनमध्ये 1890 साली तो प्रसिद्ध चहा झाला होता, रानडे, टिळक, गोखले असे बरेच जण आले होते, आणि मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. पोरांना सांगितलं तर माझ्या पोराने विचारलं, बिस्किटं पण होती का? (आमच्या घरात नुसतं टिळक म्हणलं की रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्यामुळे दोन टिळकांचा घोळ निस्तरायला अजून दहा मिनिटं गेली.) सकाळी काकूंनी दिलेला सुंठवडा थोरलीच्या रुमालात अजून होता, तो तिथे झाडाखाली बसून संपवला.

टीप : पेठेतली चर्चेस ही पर्यटनस्थळं नाहीत, गेटवर विचारून आत जा. दुपारी बहुतेक बंद असतात. आणि या आठवड्यात कॅम्पात बेकऱ्यांमध्ये क्रॉस काढलेले बन मिळतात, सकाळी दहाच्या आत जा, नंतर ट्रेमध्ये नुसते तुकडे उरतात.

संध्याकाळी प्रभूभोजनाची उपासना आणि पाय धुण्याचा विधी. येशूने शिष्यांचे धुतले तसे दाजी मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या बारा जणांचे पाय धुतात. गंमत अशी की बाराही जण घरून पाय घासून, क्रीम लावून येतात, एक काका तर नवे मोजे घालून आले होते. अपवाद फक्त वॉचमनमामा. त्यांना आयत्या वेळी बसवलं कारण एक जण आलाच नाही. ते खुर्चीत बसेनात, "साहेब, माझे नको, लई घाण आहेत" असं चाललेलं. दाजी गुडघ्यावर बसलेले, हातात तांब्या, आणि मागे सगळं चर्च गप्प. शेवटी बसले. टाचांच्या भेगांमधली माती निघायला वेळ लागला, पाणी दोनदा बदललं, आणि दाजींनी घाई केली नाही. गाणं संपलं तरी धुणं चालूच होतं म्हणून पेटीवाल्याने तेच कडवं परत घेतलं.

रात्री घरी आल्यावर ताई दाजींच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघून म्हणाली, "आता तुमचे धुवा, चादर आजच बदललीय."

शुक्रवार, 3 एप्रिल

बारा ते तीन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, मध्ये गाणी आणि प्रार्थना, आणि बरेच जण तोपर्यंत उपाशी असतात. एप्रिलचं ऊन, पत्र्याखालचा मांडव वाढवलेला, पंखे गरम हवा फेकत होते.

सात वक्त्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटं दिली होती. तिसरा वक्ता अडतीस मिनिटं बोलला. आईला योहानाच्या हवाली केलं तो उद्गार, त्यावरून हे गृहस्थ स्वतःच्या आईवर आले, आईवरून गावच्या जमिनीवर, जमिनीवरून भावावर. भाऊ चौथ्या बाकावर बसला होता! दाजी खाली मान घालून बसलेले, ताई माझ्या कानात म्हणाली, "आता यांचा आठवडा या दोघांत जाणार." पाचवा उद्गार "मला तहान लागली आहे", तो बोलायला एक कॉलेजची मुलगी होती, तिने चारच मिनिटं घेतली, आणि तिचं संपता संपता मागे बसलेल्या एका आजी मोठ्यांदा म्हणाल्या, "मला पण लागलीय गं." सगळं चर्च हसलं, गुड फ्रायडेला, आणि मग कोणीतरी पाण्याची बाटली मागे दिली. दाजी सातवे होते. त्यांच्या वाट्याला सहा मिनिटं उरली. एवढे दिवस रात्री जागून लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून ते म्हणाले, आपण गप्प बसू या. सहा मिनिटं बसलो. रस्त्यावरून बस गेली, कावळा ओरडला, मग तीनची घंटा.

घरी आल्यावर पिठलं-भात. उपासानंतर ते पिठलं जे लागतं ना.

शनिवारचा बेत आधीपासून ठरलेला होता. सगळ्यांनी मिळून केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला जायचं, दाजींनी पोरांना नाताळपासून कबूल केलं होतं. थोरलीने बॅगा भरल्या, ताईने दशम्या केल्या. रात्री साडेनऊला फोन आला. मंडळीतल्या एक वृद्ध बाई गेल्या, महिला मंडळात पंचवीस एक वर्षं होत्या, अल्तारावरचं भरतकामाचं कापड त्यांच्याच हातचं. दाजींनी चप्पल घातली आणि गेले. रात्री एकला आले तेव्हा मी पाणी प्यायला उठले होते, ते स्वयंपाकघरात अंधारातच ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "मुलगा म्हणतोय आईला शेवटचं भेटायला पोचलो नाही. मी काय सांगू त्याला?" मलाही काही सुचलं नाही. लोणचं-भात वाढला.

शनिवार, 4 एप्रिल

माती अकरा वाजता. पाळकीणबाई म्हणून ताईलाही जायलाच हवं, त्या घरच्या बायकांना सांभाळायला. मला वाटलं पोरं रडतील, रुसतील. थोरलीने काही न बोलता डब्यांतून आई-पप्पांच्या दशम्या काढल्या, आमच्या डब्यात भरल्या, आणि म्हणाली, "मावशी, तू येशील ना आमच्याबरोबर?" मला तिचं हे शहाणपण बघून कौतुकापेक्षा रागच आला, कोणावर ते माहीत नाही. तेरा वर्षांच्या पोरीने जरा आदळआपट करायला हवी होती.

तर मी आणि तीन पोरं. आम्हा नगरकरांना केडगाव म्हणजे नगरचं केडगाव, पुणे रस्त्यावरचं. हे वेगळं, दौंड तालुक्यातलं. पुणे स्टेशनवरून दौंडकडे जाणारी डेमू लोकल पकडायची, हडपसर, लोणी, उरुळी, यवत करत केडगाव येतं. गाडीत एक बाई द्राक्षं विकत होत्या, माझ्या पोराने चाखून चाखून पाव किलो संपवली, मग लाजेने एक किलो घ्यावी लागली.

टीप : एसटीने जाणार असाल तर कंडक्टरला "दौंडचं केडगाव" असं स्पष्ट सांगा. डेमू वेळेवर असेलच असं नाही, परतीची गाडी आधी विचारून ठेवा. मुक्ती मिशन ही चालती संस्था आहे, बायका-मुलं राहतात तिथे, आधी फोन करून परवानगी घ्या आणि मुलांचे फोटो काढू नका.

पंडिता रमाबाईंबद्दल शाळेत एक धडा होता तेवढंच डोक्यात असतं. संस्कृतच्या पंडिता, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, मग 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मरायला टेकलेल्या बायका-मुली गोळा करून इथे आणल्या. आम्हाला दाखवायला ज्या मावशी होत्या त्यांनी मुलांना सांगितलं की रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत, गावच्या बाईला कळेल असं आणलं, आणि ते छापायला टाइप जुळवण्याचं काम इथल्याच मुली करायच्या. पूर्ण छापून निघालं 1924 मध्ये, तेव्हा रमाबाई नव्हत्या. 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती.

थोरली एकदम म्हणाली, "5 एप्रिल म्हणजे उद्या. ईस्टर." मावशी म्हणाल्या, हो, यंदा एकाच दिवशी आलंय. मग थोरलीने विचारलं, मनोरमाला आईबरोबर फिरायला जायला मिळायचं का? मावशी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तीसुद्धा इथेच काम करायची गं, आईबरोबर." थोरली "हं" म्हणाली. त्या "हं"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

येताना केडगावात गूळ घेतला. गुळाचा मोठा बाजार आहे तिथे, दोन किलो घ्याच. उसाचा रस प्यायलो, धाकट्याने दोन ग्लास पिऊन गाडीत उलटी केली, त्यावर जास्त लिहीत नाही.

घरी आलो तर दाजी टेबलावर, लाइटबिलाच्या मागे ईस्टरचा उपदेश लिहीत होते. थोरलीने गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला आणि केडगावचं सगळं सांगायला बसली, एक तास. दाजींनी पेन खाली ठेवलं होतं. फोन दोनदा वाजला, पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. मातीवाल्या घरचाच होता.

रविवार, 5 एप्रिल

पहाटे साडेचारला कंपाउंडमध्ये मेणबत्त्या घेऊन सगळे गोळा झाले. दाजी ओरडले, "प्रभू उठला आहे!" आणि लोक, "खरोखर उठला आहे!" तीनदा. तिसऱ्यांदा मागच्या गल्लीतला कोंबडा पण ओरडला. सगळ्यात मागे आदल्या दिवशी आईला माती देऊन आलेला तो मुलगा उभा होता, तो काही बोलला नाही, मेणबत्तीही पेटवली नव्हती. पुढचं गाणं चालू झालं तेव्हा दाजी पुढून निघून मागे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पूर्ण गाणं संपेपर्यंत, आणि मग परत पुढे गेले. उपदेश नऊ मिनिटांचा, ताईने घड्याळ लावलं होतं.

मग दिवसभर माणसं. अंडी, केक, बिर्याणी, कोणाची करंजी. शेजारच्या काकूंसाठी ताईने डबा पाठवला, त्या शाकाहारी म्हणून वेगळा, पुलाव आणि केक बिनअंड्याचा. ते दोन भाऊ, शुक्रवारचे, वेगवेगळ्या वेळी येऊन गेले, दोघांनीही चहा घेतला. दुपारी तीनला दाजी ताटावर बसले आणि घास हातात धरून झोपले. खरंच झोपले. ताईने घास काढून घेतला, उशी दिली, तिथेच चटईवर आडवं केलं.

सोमवार, 6 एप्रिल

पाळकाची सुट्टी सोमवारी. केडगावचं राहिलं म्हणून दाजींनी स्वतःहून सिंहगड काढला, एका ओळखीच्यांची गाडी मिळाली. ऊन नको म्हणून सहालाच निघालो, आठला वर. शेवटी एकदाचे सगळे बरोबर.

टीप : एप्रिलमध्ये सिंहगडाला जाणार असाल तर दहाच्या आत वर पोचा आणि अकराला खाली या. टोप्या न्या. शनिवार-रविवार टाळाच, घाटात गाड्यांची रांग लागते.

देवटाक्याचं गार पाणी, कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मातीच्या छोट्या मडक्यातलं दही. दही देणाऱ्या आजींनी दाजींना विचारलं, काय करता साहेब? दाजी म्हणाले, "चहा पितो." आजींना वाटलं चेष्टा करतायत, त्यांनी ताईकडे बघितलं, ताई म्हणाली, "खरंय आजी, त्याचाच पगार आहे." दाजी आणि धाकटा तानाजी कड्याच्या बाजूला गेले, घोरपडीची गोष्ट खरी की खोटी यावर दोघांचं जोरात चाललेलं लांबून ऐकू येत होतं. थोरली माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

ताईने पर्स उघडून मला दाखवलं. आत दाजींचा फोन, सायलेंटवर. चौदा मिस्ड कॉल. "बघितलेत सगळे," ती म्हणाली, "कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. सहा तर त्या लग्नवाल्या आईचेच आहेत." फोन तिने परत आत टाकला, वर पदर नीट केला आणि आजींना अजून दोन मडकी दही सांगितलं.